कात्रीचा खिसा

सोमवार

आज मी सेल्समनच्या जाकिटात गोटे भरले. करायला नको होतं, कबूल. पण भरले.

आमच्या पथकाला नवीन जाकिटं घ्यायचीयत. पथक म्हणजे डोंगरात, घळीत कुणी पडलं-अडकलं की दोर घेऊन धावणारे आम्ही. पगार नाही, चहा मिळतो. पाण्याच्या टाकीखालची खोली आमची. जुनी जाकिटं अशी झालीत की खिशात टाकलेली वस्तू बुटात सापडते. म्हणून सेल्समन दोन नमुने ठेवून गेला. एक शिवलेल्या खिशांचं, म्हणजे खिसे जिथे आहेत तिथेच, कायमचे. दुसरं मॉड्युलर. त्याला खिसेच नाहीत! छातीभर, पाठभर नुसत्या आडव्या पट्ट्यांच्या ओळी. खिसे वेगळे मिळतात, ज्याला जिथे पाहिजे तिथे ओवून लावायचे. सेल्समन म्हणाला, "टॅक्टिकल आहे." मी विचारलं, टॅक्टिकल म्हणजे काय? आमचा प्रमुख भोंगा म्हणाला, "म्हणजे महाग."

(भोंगा हे नाव मी ठेवलंय. तो कुजबुजला तरी घळीच्या तळाशी ऐकू येतं. त्याने सूड म्हणून माझं नाव भिंगरी ठेवलं.)

दोन्ही जाकिटांत सामान भरून घालून बघायचं ठरलं. सगळे चहाला गेल्यावर मी मॉड्युलरच्या पाठीवरच्या खिशात ओढ्यातले गोटे टाकले. कारण काय, तर मॉड्युलर वहिनीला आवडलंय. बास. दुसरं काही कारण नाही.

भोंग्याने ते घातलं आणि मागे कलला. "अरे, पाठीवर माणूस बसल्यासारखं वाटतंय!"

मी तोंड गंभीर करून म्हटलं, "टॅक्टिकल आहे ना, वजन असणारच."

वहिनी त्याच्या मागे गेली, खिशात हात घातला आणि एकेक गोटा काढून टेबलावर मांडला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "आमच्याकडेपण असा एकजण होता. त्याला गोटे परत ओढ्यात ठेवून यायला लावायचो."

सगळे हसले. दादा सगळ्यात जास्त. आणि वर म्हणतो, "जा रे, ठेवून ये."

गेलो. शेवटचा गोटा जोरात फेकला तर पाणी माझ्याच तोंडावर.

मंगळवार

वहिनीबद्दल एकदा लिहूनच टाकतो. झोप तरी येईल.

ती दुसऱ्या गावच्या पथकात होती. दादाला शिबिरात भेटली, मग लग्न, मग आमच्या घरात आणि लगेच आमच्या पथकात. तोंडात सारखं 'आमच्याकडे'. आमच्याकडे दोर असा गुंडाळतात. आमच्याकडे गाठ अशी मारतात. मी एकदा म्हटलं, "वहिनी, तुमच्याकडे सूर्य कुठून उगवतो?" तर म्हणाली, "तुमच्याकडे कुठून उगवतो ते तुम्हाला माहीत आहे का भावजी? तुम्ही उठता कधी?" आई स्वयंपाकघरातून हसली. आईसुद्धा!

पण खरं दुखणं वेगळं आहे. कड माझी होती.

दादा दोरावरून खाली उतरतो तेव्हा कुणीतरी अगदी कड्याच्या टोकावर पालथं पडून खाली बघायचं असतं. दोर धरलेल्या माणसांना खालचं काही दिसत नाही. कडेचा माणूस बघतो आणि ओरडतो: सोड, थांब, ओढ. दादाचा जीव त्याच्या तोंडात असतो. शाळा सुटल्यापासून ते तोंड माझं. दादा म्हणायचा, "कडेला हा नसेल तर मी उतरत नाही." सगळ्यांसमोर म्हणायचा. मी दहावीत गचकलो तेव्हा घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं, तेव्हापण म्हणाला होता.

आणि लग्नानंतर पहिल्याच सरावाला म्हणतो, "आज कडेला तिला झोपू दे. तिला सवय आहे."

'आज' म्हणाला होता. त्यानंतर रोजच आज आहे.

गुरुवार

खोलीवर जाकिटांवरून भांडण. भोंगा शिवलेल्याच्या बाजूने. "काही सुटायचं नाही, काही पडायचं नाही, एकदा घातलं की विषय संपला." मी लगेच त्याच्या बाजूला जाऊन बसलो. जन्मात पहिल्यांदा.

खरं सांगायचं तर शिवलेल्याचे खिसे पोटावर आहेत. पालथं पडलं की बरगड्यांत घुसतात. मी घालून बघितलं होतं. पण सांगितलं नाही. कडेला आता मी कुठे झोपतो? घुसू देत तिच्या बरगड्यांत.

वहिनीचं म्हणणं, खिसा फाटला तर तेवढाच बदलता येतो, आणि प्रत्येकाचा हात वेगळा असतो. असं म्हणून ती एकदम माझ्याकडे वळली. "भावजी, तुम्ही कात्री कुठल्या हाताने काढता?"

सगळ्यांसमोर! मी डावखुरा आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे. जाकिटावर कात्री डाव्या छातीवर असते, उजव्या हाताच्या लोकांसाठी. मला ती काढायला हात मुरडून स्वतःच्याच काखेत घालावा लागतो. मागच्या सरावाला माझी कात्री निघेपर्यंत भोंग्याने जांभई दिली होती. तेच उकरून काढायचं होतं तिला, दुसरं काय.

मी म्हटलं, "दातांनी काढतो."

"बरं," म्हणाली आणि परत जाकिटाकडे वळली. मनात हसली असणार.

भोंग्याने ठरवलं, येत्या रविवारी चाचणी. दोन्ही जाकिटं घालून पाइपातून सरपटायचं, ओणवं व्हायचं, उड्या मारायच्या. जे टिकेल ते घ्यायचं.

शनिवार

मॉड्युलर वहिनी घरी घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर पसरलंय, त्यामुळे जेवण मांडीवर. ती खिसे ओवतेय आणि दादा समोर बसून एकेक खिसा तिच्या हातात देतोय. फ्रीज दुरुस्त करताना मी त्याला पाना देतो ना, तसा. मी जवळ गेलो तर म्हणतो, "थांब, उजेड अडवू नकोस."

उजेड अडवू नकोस!

ओवायची पद्धत मी लांबून बघितली. खिशाच्या मागे लांब पट्ट्या असतात. त्या एकदा जाकिटाच्या ओळीखालून, एकदा खिशाच्या ओळीखालून, पुन्हा जाकिटाच्या, असं विणत खाली न्यायच्या आणि शेवटी बटण दाबायचं. मग ती प्रत्येक खिसा धरून ओढून बघते. टेबलच हलतं. "आमच्याकडे ओढल्याशिवाय कुणी उठत नाही."

आणि गंमत म्हणजे एवढी हुशार बाई, पण कात्रीचा खिसा चक्क उजव्या छातीवर लावलाय! उजव्या माणसाचा हात तिथे पोचणार कसा? पोटावर एकही खिसा नाही, बाकीचे सगळे कुशीला. बाजूचे पट्टेपण एवढे आवळलेत की ती स्वतःच आत मावायची नाही. मी काही बोललो नाही. चाचणीच्या दिवशी फजिती होऊ दे.

आई मला म्हणाली, "तोंड का असं केलंयस? दात दुखतोय का?"

"हो," म्हटलं.

मग लवंगेचं तेल लावून घ्यावं लागलं. जीभ अजून बधिर आहे.

रविवार

पावसाची भुरभुर, चाचणी पुढच्या रविवारवर ढकलली.

आता लिहितो ते गोट्यांपेक्षा वाईट आहे.

दुपारी दादा आणि ती बाहेर गेले होते. जाकीट दाराच्या मागे टांगलेलं. मी कात्रीच्या खिशाचं बटण उघडलं, पट्ट्या सगळ्या बाहेर ओढल्या आणि फक्त सगळ्यात वरच्या एका ओळीत अडकवून बाकीच्या शेपट्या मागे दुमडून दडवल्या. समोरून बघितलं तर काही कळत नाही. उभ्या माणसाच्या अंगावर खिसा शहाण्यासारखा राहतो. माणूस ओणवा झाला की टप्पकन खाली.

म्हणजे चाचणीत वहिनी पाइपात शिरणार, वाकणार, खिसा भोंग्याच्या पायाशी पडणार आणि भोंगा म्हणणार, "हे घेऊन आम्ही कड्यावर जायचं?" आणि दादा म्हणणार, कडेला परत याला झोपू दे.

दादा असं म्हणेलच असं नाही. पण म्हणू शकतो.

मंगळवार

आज अक्षर असंच येणार.

दुपारी आमच्या फ्रीज-दुरुस्तीच्या दुकानात होतो, दादा आणि मी. भोंग्याचा फोन आला. फोन कशाला केला कळत नाही, नुसता ओरडला असता तरी ऐकू आलं असतं. घळीत एक मुलगा पडलाय. फोटो काढायला टोकावर गेला, पाय सटकला, आणि खाली दोन कातळांच्या फटीत पाठीवरच्या बॅगेला अडकून लटकतोय. बॅगेचा एक पट्टा खुंटाला गुंतलाय, दुसरा काखेत रुतलाय.

आम्ही पोचलो तेव्हा वहिनी घरून सामान घेऊन आधीच आली होती. दादा फटीपाशी उतरून बघून लगेच वर आला. त्याचे खांदे आत जाईनात.

भोंग्याने सगळ्यांकडे बघितलं. बारीक एकच माणूस आहे पथकात.

"भिंगरी उतरेल," दादा म्हणाला.

मी कधीच उतरलो नव्हतो. सरावात सोडून. छाती अशी फुगली की काय सांगू. आणि तेवढ्यात वहिनी ते जाकीट घेऊन आली. मॉड्युलर. माझ्या अंगावर चढवलं आणि बकल लावलं. बाजूचे पट्टे ओढावेच लागले नाहीत. अगदी माझ्या मापाचे.

"तुमच्यासाठीच लावलंय," ती म्हणाली. "चाचणीला देणार होते. कात्री उजव्या बाजूला आहे भावजी, डाव्या हाताला सरळ येईल. काखेत जायला नको."

मी त्या खिशाकडे बघितलं. खिसा माझ्याकडे बघत होता.

तेव्हा सांगायला पाहिजे होतं. तोंड उघडलंपण होतं. पण दादा माझ्या कमरेला गाठ मारत होता आणि म्हणाला, "घाबरू नकोस, ही कडेला आहे." भोंगा ओरडत होता. खाली तो मुलगा रडत होता. सगळे माझ्याकडे असे बघत होते जसं कधी कुणी बघितलं नव्हतं. मी तोंड मिटलं.

उतरताना डावा हात खिशावर दाबून ठेवला होता. वर कडेला वहिनीचं डोकं. "भावजी, छातीवर हात कशाला? दोन्ही हात मोकळे ठेवा!"

"धडधडतंय, धरून ठेवलंय!" मी ओरडलो. वर कुणीतरी हसलं. मला हसू येत नव्हतं.

फटीत तो मुलगा माझ्या खाली होता. माझ्याहून लहान. डावा हात निळा पडलेला. मी दुसरा दोर त्याच्यापर्यंत सोडला आणि कसाबसा त्याच्या छातीभोवती पट्टा अडकवला. आता बॅगेचा पट्टा कापायचा होता आणि त्यासाठी डोकं खाली करून त्याच्यावर वाकायचं होतं. म्हणजे कात्री आधीच बाहेर पाहिजे.

हात खिशाकडे गेला. बघावं लागलं नाही, मुरडावं लागलं नाही. आपोआप गेला आणि कात्री हातात. एवढी वर्षं मी काखा चाचपत होतो, आणि ती तिथे अशी बसली होती जशी माझ्या हाताचीच वाट बघत होती.

कात्री दातांत धरली. वाकलो. खिसा सरकला, माझ्या हनुवटीवरून घसरला आणि त्या पोराच्या नाकावर आदळून घळीत गेला. किती तरी वेळाने खाली आवाज आला.

"दादा, तुमचं काहीतरी पडलं," ते पोर रडता रडता म्हणालं.

मला कुणी पहिल्यांदाच दादा म्हणालं.

"काय पडलं?" वरून वहिनी.

"अँ अँ!" मी म्हणालो. दातांत कात्री.

"दोर ओढू?"

"अँऽऽ!"

"नाही म्हणतायत! थांबवा!" तिने वर ओरडून सांगितलं. कसं कळलं तिला कोण जाणे. अँचा अर्थ काहीपण होऊ शकतो. तेव्हा दोर ओढला असता तर त्या पोराचा हात खांद्यातून गेला असता.

पट्टा कापला. बॅग गेली. पोर दोरावर आलं. मग मी ओरडलो, "ओढ!" आणि तिने वर "ओढ!"

वर आल्यावर पोराला झोपवून पांघरूण घातलं, गाडीत चढवलं. सगळे माझी पाठ थोपटत होते. मग भोंग्याचं लक्ष गेलं. "खिसा कुठेय रे कात्रीचा?"

मी दोर गुंडाळायला लागलो.

वहिनी जवळ आली. रिकाम्या ओळींवरून बोट फिरवलं. बटण फुटलेलं नाही, पट्टी फाटलेली नाही, काही नाही. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी बुटांकडे.

"मी ओवला होता," ती भोंग्याला म्हणाली. "ओढून बघायचा राहिला असेल. चूक माझी."

गुरुवार

बिचारीला खरंच वाटतंय की तिचीच चूक.

भोंग्याने काल निकाल लावला. शिवलेली जाकिटं घ्यायची. "कात्री आत असती आणि खिसा गेला असता तर? बोला!" वहिनीला सध्या कडेला ठेवायचं नाही. कडेला परत भिंगरी. दादाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला पाहिजे होतं ते सगळं एका दिवसात मिळालं. एकपण गोष्ट राहिली नाही.

घरी दादा तिला म्हणाला, "तू ओढून बघितलं नाहीस? तू?"

"राहिलं."

"टेबल हललेलं मी बघितलंय."

"मग दुसरा खिसा असेल तो," ती म्हणाली आणि भांडी आवरायला लागली. दादा मनातल्या मनात काहीतरी जुळवत बसला. मी पटकन अंघोळीला गेलो. सकाळी एकदा झाली होती तरी.

संध्याकाळी ती मॉड्युलरचे खिसे सोडवत बसली होती, सेल्समनला परत द्यायला. एकेक करून. मी दारात उभा. म्हणाली, "भावजी, ओवायला शिकायचंय? पाच मिनिटांत येईल. सोडवायला तर त्याहून कमी वेळ लागतो."

मी म्हटलं, "परत द्यायचंय ना, शिकून काय करू?"

"तेही खरंच."

आज खोलीवर शिवलेलं घालून कडेला झोपून बघितलं. खिसे बरगड्यांत घुसले. हात कात्रीकडे गेला तो काखेत. पूर्वी कधी एवढा राग आला नव्हता. आता हाताला माहीत झालंय ना.

शनिवार

सांगितलं. म्हणजे अर्धं सांगितलं.

भोंगा सेल्समनला फोन लावत होता. मी म्हटलं, "थांबा. तो खिसा मी हलवला होता. घरी. मला एक ओळ वर पाहिजे होता. परत ओवताना अर्धवट राहिला. वहिनीची चूक नाही."

(एक ओळ वर पाहिजे होता हे खोटं. बाकी खरं.)

भोंगा एवढा हळू बोलला की मी खरंच घाबरलो. "तेव्हा का नाही बोललास?"

"भीती वाटली."

"आणि ते घालून उतरलास?"

"हो."

"मूर्खा," तो म्हणाला. मग आवाज परत आला आणि खिडकीवरची कबुतरं उडाली. पुढची सूचना येईपर्यंत मला कड नाही, दोर नाही, उतरणं तर स्वप्नातपण नाही. त्याऐवजी एक काम: निघण्याआधी प्रत्येकाच्या अंगावरचा प्रत्येक खिसा ओढून बघायचा. भोंग्याचासुद्धा.

"आणि जाकीट?" कुणीतरी विचारलं. "शिवलेलंच ना?"

"मॉड्युलर," मी म्हटलं. "शिवलेल्याचे खिसे कडेला झोपल्यावर बरगड्यांत घुसतात. मी आधीच बघितलं होतं, सांगितलं नव्हतं. आणि माझा हात डावा आहे. त्या दिवशी कात्री पहिल्या झटक्यात आली." भोंग्याने शिवलेलं अंगात घातलं, जमिनीवर पालथा पडला, आणि 'आई गं' म्हणाला. निर्णय झाला.

"मग कडेला कोण?" भोंग्याने जमिनीवरूनच विचारलं.

दादा माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून निघेपर्यंत बघत राहिला.

"वहिनी," मी म्हटलं. "तिला अँ कळतं."

जळतंय अजून. खोटं कशाला लिहू. ती कडेला आडवी झाली की माझ्या पोटात मुंग्या चावतात. चावू देत.

सोमवार

नमुन्याचं जाकीट मलाच मिळालं. घळीत जाऊन आलेलं सेल्समन परत घेईना. वहिनीने नवा कात्रीचा खिसा ओवून दिला. उजवीकडे. मी ओढला, दोन्ही हातांनी. हलला नाही. मागे बघितलं तर पट्ट्यांच्या शेपट्या तिने लाल दोऱ्याने जाकिटाला शिवून टाकल्यात. घट्ट. बारीक टाके.

मी म्हटलं, "वहिनी, मॉड्युलर ना? मग शिवलं कशाला? सोडवायचा झाला तर?"

"तर दोरा कापावा लागेल. कात्रीने," ती म्हणाली. "कात्री आत आहे."

"आणि मी आतली काढून कापला तर?"

"त्याआधी मला सांगा. सांगितलं की काही होत नाही भावजी. खाऊन टाकत नाही मी." आणि एक गोटा माझ्या हातात ठेवला. ओढ्यातला. "हा राहिला होता पाठीच्या खिशात. ठेवून या."

बाकीच्यांची नवी जाकिटं आजच आली, त्यांतल्या कुणाच्याच खिशाला दोरा नाही, फक्त माझ्या. का ते समजलं नाही. धाकटा म्हणून असेल.

गोटा ठेवून आलो. आज फेकला नाही.

आता शेवटचं. ही वही चुकून कुणाच्या हाती लागली असेल आणि इथपर्यंत वाचली असेल, तर तुमच्या पाया पडतो, नाक घासतो, काय म्हणाल ते करतो, पण रविवार दुपारचं कुणाला सांगू नका. भोंग्याला नको, त्याला कळलं म्हणजे सगळ्या गावाला कळलं. आईला नको. दादाला तर नकोच, तो अजून मधूनमधून त्या टेबलाकडे बघत बसतो. आणि वहिनीला मुळीच, मुळीच नको. साधी आहे ती. तिला अजून वाटतंय, ते चुकून झालं.